वाट फुटते तिथले वाक्य

नागपुरातील आमच्या सात-आठ जणांच्या चालणाऱ्या गटाने चोवीस वाटांची एक मार्गदर्शिका तयार केली. त्यांपैकी सोळा वाटा विदर्भातल्या आणि सातपुड्याच्या डोंगरांवरच्या आहेत, आठ कोकण किनाऱ्यावरच्या. लिहिण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते पुरे व्हायला अडीच वर्षे लागली. महालेखाकार कार्यालयात तीस वर्षे इतरांच्या कागदांतील चुका काढण्यात गेल्यामुळे आपल्या हातचा मजकूर बिनचूक उतरेल, असा माझा समज होता. रामटेकच्या पहिल्याच चाचणीत तो समज तिथल्या अंबाळा तलावाच्या पाण्यात गेला.

कल्पना भाच्याने आणलेल्या एका पुस्तकावरून सुचली. तो इंग्लंडच्या उत्तर भागात नोकरीला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या पाठपिशवीच्या कप्प्यात तिकडच्या डोंगरवाटांची एक मार्गदर्शिका होती. खिशात मावेल एवढी, प्लास्टिकच्या वेष्टनाची, तरीही पावसात भिजून फुगलेली. प्रत्येक वाटेच्या आरंभी एक चौकट होती. तीत अंतर, एकूण चढ, लागणारा वेळ, नकाशाचा क्रमांक, सुरुवातीचे ठिकाण आणि गाडी कुठे लावावी एवढे दिलेले, आणि त्याखाली सलग मजकूर, ज्यात निसर्गाची स्तुती जवळजवळ नव्हती. मला ते लिखाण रुक्ष वाटले. तसे बोलून दाखवले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हे घरी बसून वाचायचं पुस्तक नाही. वरून पाऊस पडून राहिला असतो, हातातला नकाशा उडून राहिला असतो, तेव्हा यातली एकच ओळ वाचायची असते." पुढची अडीच वर्षे ती एक ओळ कशी लिहावी हे शिकण्यातच गेली, असे म्हटले तरी चालेल.

मराठीत गडकोटांवर आणि भटकंतीवर पुस्तके विपुल आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांचा वाचक शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघतो आणि रविवारी रात्री घरी परततो. नागपूरच्या माणसाला सह्याद्री गाठायलाच एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. उलट पचमढी, चिखलदरा किंवा रामटेक आम्हांला जवळचे, पण तेथे 'पॉइंट' पाहून गाडीत बसणाऱ्यांसाठीच माहिती मिळते. पायी चालणाऱ्याने कोठून निघावे आणि कोठे उतरावे हे कोणी लिहीत नाही. किनाऱ्याच्या बाबतीत तर नागपूरकर आठवडाभराची रजा काढून जाणार, म्हणजे त्याला एका दिवसाची नव्हे, सलग पाच-सहा दिवस पुरणारी, चालणे, होडी, पोहणे आणि किल्ला असे सगळे गुंफलेली आखणी हवी. या दोन गरजा एकाच पुस्तकात बसवाव्यात की नाहीत यावर आमच्यात बरेच दिवस वाद झाला, आणि शेवटी, दोन पुस्तके काढण्याइतके पैसे नसल्यामुळे, तो मिटला.

कामाची पद्धत अशी ठरली की प्रत्येक वाट दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या ऋतूंत चालावी आणि तिसऱ्याने केवळ लिखित मजकूर हातात घेऊन ती तपासावी. आधारासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांत एक या प्रमाणाचे नकाशे घेतले. या नकाशांवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत, वीस मीटरांचा फरक असतो. नागपूर ५५ ओ/४ या नकाशापत्रावर येते, रामटेक ५५ ओ/७ वर आणि पचमढी ५५ जे/७ वर. हे क्रमांक आता मला जुन्या फाइलींच्या क्रमांकांसारखे पाठ झाले आहेत. डोंगर जागचे हलत नाहीत, त्यामुळे समोच्च रेषांवर विसंबता येते. पण पाऊलवाटा हलतात, गावे वाढतात, नवे तलाव होतात, आणि नकाशातील तुटक रेषेवर विश्वास ठेवून निघालेल्या माणसापुढे अचानक तारेचे कुंपण उभे राहते.

येथे थोडे विषयांतर करतो. माझे आजोळ हिंगणघाटचे. ज्या विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने दक्षिणेकडून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे त्रिकोण आखत देश मोजण्याची, साखळी उत्तरेकडे आणली, तो हैदराबादहून नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मरण पावला, आणि त्याची कबर तेथेच आहे. लहानपणी दर उन्हाळ्यात तिथे राहूनही ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्याच सर्वेक्षणाची खूण असलेल्या झिरो माइलच्या दगडापाशी छायाचित्रे काढणाऱ्या आम्हा नागपूरकरांना मोजणी करणाऱ्या माणसांविषयी एवढी अनास्था का असावी, हे मला अजून उमगलेले नाही.

पहिली वाट अर्थात रामटेकची. नागपूरहून पन्नास किलोमीटरांच्या आत, पायथ्यापासून सुमारे दीडशे मीटर उंचीची टेकडी, माथ्यावर गडमंदिर, आणि मेघदूतातील रामगिरी तो हाच या परंपरेमुळे कालिदासाचे स्मारक. गाड्या घाटरस्त्याने वर जातात. आम्हांला अंबाळा तलावाच्या काठावरून वर चढणारी जुनी पायऱ्यांची वाट आणि टेकडीच्या अंगाने फिरून परत येणारी पाऊलवाट द्यायची होती. मी मजकूर लिहिला, त्यात एके ठिकाणी "पायऱ्या संपल्यावर समोर जावे" असे वाक्य होते. ते तपासायला नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरीसाठी आलेला एक पुण्याचा तरुण गेला. नागपुरात "समोर जा" म्हणजे आहे त्याच वाटेने पुढे जा, हे सांगायची आपल्याला कधी वेळच येत नाही. पुण्याच्या माणसाला मात्र समोर म्हणजे तोंडापुढे जे दिसते ते. वाट तेथे डावीकडे वळते. तो वळला नाही, नाकासमोर झुडपांत शिरला आणि रायमुनियाचे काटे हातापायांत भरून अर्ध्या तासाने परतला. माझ्यावर तो रागावला नाही, हा त्याचा मोठेपणा. "काका, समोर काहीच नव्हतं हो" एवढेच तो म्हणाला. रायमुनिया म्हणजे घाणेरी, हेही त्यालाच सांगावे लागले.

त्याच वाटेवरची दुसरी चूक अधिक बोधप्रद होती. मी ती वाट फाल्गुनात चाललो होतो आणि एका वळणाची खूण म्हणून "केशरी फुलांनी भरलेला मोठा पळस" असे लिहिले होते. ऑक्टोबरमध्ये गटातील निवृत्त शिक्षिका तो मजकूर घेऊन गेल्या. त्या महिन्यात पळस इतर झाडांसारखाच हिरवा असतो, आणि त्या टेकडीवर पळस एकच नाही. त्यांनी परत येऊन माझ्या मजकुरावर लाल शाईने खुणा केल्या, आणि त्या खुणा पाहताना मला कार्यालयातील स्वतःचे शेरे आठवले. त्या दिवसापासून फुले, ओढ्यातील पाणी, चहाची टपरी, भिंतीचा रंग आणि पाटीवरील मजकूर या गोष्टी खुणा म्हणून बाद झाल्या. उरले ते कातळ, पायऱ्यांची मोडलेली कड, पाण्याची टाकी, विजेचा मनोरा, विहीर आणि नाल्यावरील मोरी.

यांतून वाट फुटते त्या जागेसाठीच्या वाक्याचा एक साचा हळूहळू तयार झाला. आधी मागच्या खुणेपासूनचे अंतर, मग तेथे काय दिसते, मग काय करायचे, आणि शेवटी चूक झाली तर काय दिसेल. "वाट उतरू लागली आणि उजव्या हाताला तलाव दिसू लागला, तर आपण चुकलो आहोत, मोडक्या पायरीपर्यंत मागे यावे." हे शेवटचे वाक्य भाच्याच्या पुस्तकात फारसे आढळत नाही, आणि मला वाटते ते सर्वांत मोलाचे आहे, कारण माणूस चुकतो तेव्हा त्याला आपण चुकलो हे कळायलाच सर्वाधिक वेळ लागतो. लिहिणाऱ्याची अडचण अशी की ते वाक्य लिहिण्यासाठी मुद्दाम चुकीच्या वाटेने जाऊन पाहावे लागते. चोवीस वाटांपायी आम्ही बहुधा तीस वाटांइतके चाललो.

आकड्यांचा भाग सोपा वाटला होता, तोही निघाला नाही. मोबाइलने नोंदवलेले अंतर आणि नकाशावर दोऱ्याने मोजलेले अंतर जुळत नव्हते. दोन जणांनी एकाच वेळी एकाच वाटेवर नोंदवलेली अंतरेही जुळेनात. थांबून पाणी पिताना पडद्यावरचा बिंदू थरथरत राहतो आणि ती थरथर अंतरात जमा होत जाते, हे पुढे ध्यानात आले. पचमढीच्या दऱ्यांत तर उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे आम्ही काही ठिकाणी सरळ हवेतून चाललो अशी नोंद आहे. चढाच्या आकड्यात हा दोष आणखी फुगतो. म्हणून चढ नकाशावरील समोच्च रेषा मोजून काढला आणि अंतर तीन नोंदींवरून ठरवून अर्ध्या किलोमीटरपर्यंत पूर्णांकित केले. लेखापरीक्षकाला "सुमारे" हा शब्द लिहिताना किती यातना होतात, हे त्या व्यवसायातील लोकच जाणतील.

वेळेसाठी आधी नेस्मिथचा नियम लावून पाहिला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा नियम अजूनही तिकडे वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे आठ किलोमीटर अंतर आणि साडेचारशे मीटर चढ असेल तर शहाण्णव अधिक पंचेचाळीस, एकंदर एकशे एकेचाळीस मिनिटे. आमच्यापैकी सर्वांत चपळ माणसालाही तेवढ्या वेळात अशी वाट जमली नाही. स्कॉटलंडच्या थंड हवेतला नियम विदर्भाच्या उन्हाला आणि डबा उघडून बसणाऱ्या कुटुंबांना लागू व्हावा, ही अपेक्षाच चूक होती. आम्ही तासाला तीन किलोमीटर धरले, चढाचा हिशेब तसाच ठेवला, आणि त्याच वाटेला तीन तास पंचवीस मिनिटे लिहिली. त्याखाली ठळक अक्षरांत सूचना घातली की होळीनंतर विदर्भातील कोणतीही वाट सकाळी नऊच्या आत संपली पाहिजे. एका मित्राला ही सूचना अतिरेकी वाटली. मार्चच्या अखेरीस चिखलदऱ्याच्या पायथ्याशी तो स्वतः सावली शोधत बसला, तेव्हा त्याने मत बदलले.

पचमढीत धूपगड आहे, सुमारे १३५० मीटर उंचीचा, सातपुड्यातील सर्वोच्च माथा. चौरागड आहे, जिथे भाविकांनी वाहिलेल्या त्रिशूळांचा ढीग लागलेला असतो. या दोन्ही वाटा पुस्तकात आहेत. खरा वाद झाला तो नागद्वारीवरून. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो माणसे, त्यांतली कितीतरी अनवाणी, ती दऱ्याखोऱ्यांची वाट चालून येतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी ती पंधरा वेळा केली आहे आणि त्यांना प्रत्येक चढाचे नाव ठाऊक आहे. त्यांच्याकडून मी दोन संध्याकाळी माहिती लिहून घेतली. पण तो प्रदेश सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो आणि यात्रेचे मोजके दिवस सोडले तर तेथे पायी जायला परवानगी नसते. छापील वाट ही एका अर्थाने निमंत्रण असते. जे वर्षाचे बहुतेक दिवस बेकायदा ठरेल त्याचे निमंत्रण आपण देऊ नये, असे माझे मत पडले आणि अखेर तेच ठरले. आजोबांना ते पटले नाही. "पुस्तकात नागद्वारी नाही, तं मंग काय कामाचं तुमचं पुस्तक?" हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. मेळघाटातील दोन वाटा याच कारणाने गळल्या.

किनाऱ्याच्या आठ वाटांसाठी आम्ही दोन हिवाळे कोकणात गेलो. नागपूरहून मडगावला जाणाऱ्या विशेष गाडीने कोकणात उतरायला जवळपास एक दिवस लागतो, हे परिशिष्टात आधीच सांगून टाकले. तिथे पहिली अडचण शब्दांची आली. घरांच्या मधून जाणारी पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी, दगड नुसते रचून केलेले कुंपण म्हणजे गडगा, वरचे जांभ्याचे पठार म्हणजे सडा, लहान पूल म्हणजे साकव. वाट विचारली की उत्तर याच शब्दांत मिळते, म्हणून ते पुस्तकात राहिलेच पाहिजेत असा माझा आग्रह होता. आमच्याकडे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट ती पांदण, आणि कोकणात दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली अरुंद वाट ती पाणंद. दोन्ही शब्द जागच्या जागी बरोबर होते. पण मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांनी पांदण ही चूक समजून सर्वत्र पाणंद केली, आणि सावनेर तालुक्यातील शेतकऱ्याला पाणंद विचारत फिरणारा वाचक माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सतरा ठिकाणी ती दुरुस्ती परत करावी लागली.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची, आणि ती शब्दांइतकी निरुपद्रवी नव्हती. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांच्या भेगेतून उतरून समुद्राकाठच्या कातळावरून प्रदक्षिणेची वाट जाते. ओहोटीत ती अप्रतिम आहे. भरतीत ती जिवावर बेतू शकते. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळी नऊला पाणी पूर्ण ओसरले होते, म्हणून मी कच्च्या मजकुरात लिहिले, "सकाळी नऊच्या सुमारास जावे." रात्री, ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना तो मजकूर वाचून दाखवला. त्या ताट वाढता वाढता थांबल्या. "आज चतुर्थी म्हणून नऊ. तुमचं पुस्तक घेऊन कोणी एकादशीला आला तर?" मग त्यांनी तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब सांगितला. तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सव्वासहा तास आधी ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे माझ्या वाक्यावर विसंबलेला माणूस नऊ वाजता ऐन भरलेल्या समुद्रात उतरला असता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे मी शाळेत शिकलो होतो आणि नागपुरात राहून विसरलो होतो.

त्या रात्री मी किनाऱ्याच्या आठही वाटांतील घड्याळाची वेळ काढून टाकली. प्रत्येक वाटेच्या चौकटीत "ओहोटीच्या वेळेच्या आधी दीड तास ते नंतर एक तास" असा अवधी दिला, पाऊणपटीचा हिशेब परिशिष्टात समजावला, आणि तो केवळ आखणीपुरता आहे, प्रत्यक्ष निघताना छापील भरतीपत्रक पाहावे आणि गावात विचारावे, असे बजावले. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि पावसाळ्यात ही वाट घेऊच नये, असेही लिहिले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला हेच कोष्टक लागू पडते. ओहोटीत तेथे चालत जाता येते, पण परतीची वेळ विसरलेल्याला होडीची वाट पाहावी लागते.

किनाऱ्यावर सलग चालता येत नाही, हेही नागपूरकराला नकाशा नीट पाहिल्याशिवाय उमगत नाही. दर काही कोसांवर खाडी आडवी येते. पण तीच गोष्ट चालण्याला रंगत आणते. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला चालत यावे, तेथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे, बाणकोटचा किल्ला चढावा आणि पुढे वेळासला मुक्काम करावा, ही दिवसभराची वाट मला चोवीसांत सर्वांत आवडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास वेळासच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला मिळतात. पुस्तकात मात्र मी हे एका वाक्यात आटोपले आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर कसे पोहोचावे याला पाच वाक्ये दिली.

छपाईविषयी थोडक्यात सांगतो. एकशे शहात्तर पाने, म्हणजे सोळा पानांचे अकरा फॉर्म. आयएसबीएन क्रमांक दिल्लीहून विनामूल्य मिळाला. शिलाई बांधणी महाग पडते म्हणून पहिल्या दोनशे प्रती नुसत्या गोंदाच्या बांधणीत घेतल्या, आणि मेमध्ये गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहिलेल्या प्रतींचा गोंद वितळून पाने हातात येऊ लागली. छापखान्याने हात वर केले. उरलेल्या प्रती आम्ही स्वखर्चाने शिवून घेतल्या. शिवलेले पुस्तक उघडून खडकावर पालथे ठेवता येते, हा गुण खरे तर आधीच सुचायला हवा होता.

पुस्तक बाहेर पडून आता चौदा महिने झाले. शेवटच्या पानावर दुरुस्त्या कळवण्यासाठी पत्ता दिला होता आणि आतापर्यंत एकतीस दुरुस्त्या आल्या आहेत. काही शुद्धलेखनाच्या आहेत. एक वाचक चौरागडाच्या पायऱ्यांची संख्या मोजून पाठवतो, आणि ती दर वेळी वेगळी येते. गेल्या आठवड्यात एका बाईंनी कळवले की रामटेकच्या वाटेवरची पाण्याची टाकी पाडली आहे. पान एकोणीस, चौथे वाक्य. कातळ, मोरी आणि टाकी या टिकाऊ खुणा म्हणून मी स्वतः निवडलेल्या. येत्या रविवारी सकाळी साडेपाचला शिक्षिकाबाई, पुण्याचा तो तरुण आणि मी तिथे जाणार आहोत. टाकीच्या जागी आता काय दिसते ते पाहायचे, आणि तिच्याशिवाय ते वळण कसे सांगता येईल ते तिथे उभे राहूनच लिहायचे.